स्वमग्न मुलाला झोपेचं औषध द्यावं का? ठरवण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

लहान मुलांना झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या मेलाटोनिनबद्दल गेल्या काही वर्षांत पुष्कळ बातम्या आल्या. कधी ते किती गुणकारी आहे याच्या, तर कधी मुलांनी गोळ्या चुकून खाल्ल्याच्या. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईवडिलांना त्यामुळे दोन अगदी उलट सल्ले ऐकायला मिळतात. एक जण म्हणतो, "नैसर्गिकच आहे, देऊन टाका, घरातले तरी झोपतील." दुसरा म्हणतो, "चार वर्षांच्या लेकराला झोपेची गोळी देता?" रात्री दोन वाजता मुलाबरोबर जागं असलेल्या माणसाला यातला कुठलाही सल्ला कामाचा नाही.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या मुलांपैकी साधारण ५० ते ८० टक्के मुलांना झोपेचा काही ना काही त्रास असतो, असं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसतं. इतर मुलांपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. म्हणून हा प्रश्न "आम्हीच कुठे कमी पडलो का" असा स्वतःला विचारत बसण्याचा नाही. माझ्या मते औषध द्यायचं की नाही हा दुसरा प्रश्न आहे. मूल नेमकं कशामुळे झोपत नाही, हा पहिला. त्याचं उत्तर शोधूनही औषध द्यायचं ठरलं, तर ते मुदत ठरवून आणि मोजमाप ठेवून द्यावं.

"झोपत नाही" म्हणजे नक्की काय होतं?

दवाखान्यात आपण "झोपतच नाही हो" एवढंच सांगतो. पण त्या एका वाक्यात किमान तीन वेगळे त्रास असू शकतात. एखादं मूल अंथरुणावर पडल्यावर दोन-दोन तास जागं राहतं. दुसरं पटकन झोपतं, पण मध्यरात्री उठतं आणि खेळायला लागतं. तिसरं पहाटे चारला उठून बसतं ते परत झोपतच नाही. पहिल्या मुलाला उपयोगी पडणारं औषध तिसऱ्या मुलाला अजिबात उपयोगी पडणार नाही, असं होऊ शकतं.

म्हणून आधी दोन आठवडे साधी वही ठेवावी. अंथरुणावर किती वाजता टेकलं, प्रत्यक्ष झोप किती वाजता लागली, मध्ये किती वेळा आणि किती वेळ जाग आली, सकाळी किती वाजता उठलं, दिवसा झोप झाली का, एवढंच लिहायचं. दमलेल्या डोक्याला सगळ्या रात्री सारख्याच वाईट वाटतात. वहीत मात्र काही वेगळंच निघू शकतं, उदाहरणार्थ दुपारची झोप लांबली की रात्रीची लांबणीवर पडते.

अपेक्षाही तपासून घ्यावी. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संस्थेच्या शिफारशीनुसार ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून १० ते १३ तास झोप हवी, ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. हा पल्ला मोठा आहे. ज्याला दहा तास पुरतात त्याला रात्री आठला झोपवलं, तर तो पहाटे सहाला उठणारच. त्याला आजार म्हणता येणार नाही.

याच मुलांची झोप का मोडते?

कारणं अनेक आहेत आणि बहुतेक मुलांत ती एकमेकांत मिसळलेली असतात. एक धागा शरीराच्या घड्याळाचा. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल नावाची छोटी ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक रक्तात सोडते. ते सेरोटोनिन नावाच्या रसायनापासून तयार होतं. ऑटिझम असलेल्या काही मुलांत मेलाटोनिन कमी बनतं किंवा त्याची वेळ सरकलेली असते, असं संशोधनात दिसलं आहे. काहींमध्ये ते बनवणाऱ्या शेवटच्या टप्प्यातल्या जनुकात फरक सापडले. पण सगळ्या मुलांत असं नसतं, हे महत्त्वाचं.

दुसरा धागा संवेदनांचा. पंख्याची घरघर, कपड्याच्या आतला लेबलचा तुकडा, दाराच्या फटीतून येणारा उजेड आपल्याला जाणवतही नाही. या मुलांपैकी काहींना तो सहनच होत नाही. शिवाय "आता सगळे झोपायला चालले, म्हणजे मीही झोपायचं" हा न बोलता मिळणारा संदेश त्यांच्यापर्यंत पोचतोच असं नाही. चिंता, दिनक्रमातला बदल, एखाद्या गोष्टीत अडकून पडलेलं मन या गोष्टी यात आणखी भर घालतात.

औषधाच्या आधी तपासण्या

या भागावर मी सगळ्यात जास्त भर देईन, कारण घाईत हाच राहून जातो. जे मूल बोलत नाही किंवा कमी बोलतं, ते "पोटात दुखतंय" असं सांगणार नाही. ते रात्री उठेल, किंचाळेल, डोकं आपटेल. आपण त्याला "ऑटिझममुळे" म्हणून सोडून देतो आणि दुखणं तसंच राहतं.

बद्धकोष्ठता या मुलांत पुष्कळदा असते. जेवल्यावर आडवं झालं की जळजळ होणं, दातांची कीड, कानाचं दुखणं, त्वचेची खाज ही साधी कारणंही झोप मोडतात. मूल घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, झोपेत श्वास अडकल्यासारखा वाटत असेल किंवा अंथरूण घामाने भिजत असेल, तर टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडिनॉइड गाठी तपासून घ्यायलाच हव्यात. अशा मुलाला गुंगी आणणारं औषध देणं धोक्याचं ठरू शकतं, कारण अडखळणारा श्वास त्याने आणखी अडखळू शकतो.

लोहाकडेही लक्ष द्या. ठरावीक चार-पाच पदार्थांपलीकडे काही न खाणाऱ्या मुलांत शरीरातला लोहाचा साठा कमी असण्याची शक्यता मोठी. हा साठा फेरिटिन नावाच्या रक्तचाचणीतून कळतो. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं, हे अनेकांना माहीत नसतं. साठा कमी असला की काही मुलांचे पाय रात्री अस्वस्थ होतात, सतत हलवावेसे वाटतात. मूल लाथा झाडतं, पलंगावर गोल गोल फिरतं, पांघरूण फेकतं. पाय अस्वस्थ होण्याच्या या त्रासात फेरिटिन ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या खाली असेल, तर लोह देण्याचा विचार डॉक्टर करतात. कॅनडात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात लोह दिल्यावर ऑटिझम असलेल्या मुलांची अस्वस्थ झोप सुधारल्याचं दिसलं. अशा मुलाला झोपेचं औषध देऊन मूळ कारण हाती लागत नाही. लोह मात्र स्वतःच्या मनाने देऊ नये, ते जास्त झालं तर विषारी असतं.

ऑटिझमबरोबर अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, असण्याचं प्रमाणही इतर मुलांपेक्षा जास्त आहे. रात्री रोज साधारण एकाच तऱ्हेने अंग ताठ होत असेल, झटके येत असतील किंवा जागं झाल्यावर मूल बराच वेळ गोंधळलेलं असेल, तर मोबाइलवर चित्रण करून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. तोंडी वर्णनापेक्षा असं चित्रण कितीतरी उपयोगी पडतं.

आधीपासून चालू असलेली औषधंही पाहून घ्या. चंचलतेसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट दिवसा उशिरा दिलं तर झोप लांबते. दमा आणि ॲलर्जीसाठीच्या माँटेल्युकास्टमुळे काहींना वाईट स्वप्नं आणि मनाच्या तक्रारी होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक प्रकारचा इशारा छापायला लावला.

"सवयींचं सगळं करून झालंय"

हे वाक्य बहुतेक पालक म्हणतात आणि ते खरं असतं. स्क्रीन बंद केली, दिवे मंद केले, गोष्ट सांगितली, तरी फरक नाही. पण सर्वसाधारण मुलांसाठीचे सल्ले या मुलांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. थोडे बदल करून काही उपाय पुन्हा करून पाहण्यासारखे आहेत.

पहिला, चित्रांचा क्रम. दात, कपडे, शौच, पुस्तक, अंथरूण, दिवा बंद. प्रत्येक पायरीचं चित्र भिंतीवर लावायचं आणि रोज त्याच क्रमाने जायचं. तोंडी सूचनेपेक्षा चित्र अनेक मुलांना जास्त कळतं.

दुसरा उपाय थोडा उलटा वाटेल. मुलाला झोप खरोखर साडेदहाला लागत असेल, तर काही दिवस त्याला साडेदहालाच अंथरुणावर न्यायचं. पडल्यावर पटकन झोप लागायला लागली की वेळ दर काही दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणायची. सकाळची उठायची वेळ मात्र पहिल्या दिवसापासून एकच. यात अंथरूण आणि झोप यांचं नातं पुन्हा जुळतं. आठ ते साडेदहा झटापट होत राहिली, तर मूल शिकतं ते एवढंच की अंथरूण म्हणजे भांडण.

तिसरं, झोप लागताना जे असतं ते मध्यरात्रीही असायला हवं. आई पाठीवर थोपटत असताना झोपलेलं मूल दोन वाजता जागं झालं की तेच थोपटणं शोधणार. आपण सगळेच रात्रीत अनेकदा अर्धवट जागे होतो. काहीच बदललेलं नसेल तर तसेच परत झोपतो.

जड पांघरुणाबद्दल नेहमी विचारलं जातं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्याने मोजता येईल अशी झोप वाढली नाही, पण मुलांना आणि पालकांना ते आवडलं. मूल स्वतः ते बाजूला करू शकत असेल आणि तज्ज्ञांनी वजन ठरवून दिलं असेल तर वापरा. मात्र त्याच्यावर सगळी आशा ठेवू नका.

सवयींचे हे उपाय सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात त्रास बहुधा वाढतो. जुनी पद्धत चालत नाही म्हटल्यावर मूल जास्त जोर लावतं. अनेक घरांत याच टप्प्यावर सगळं सोडून दिलं जातं आणि मग "काहीच उपयोग झाला नाही" असं ठरतं. घरात दुसरा मोठा माणूस नसेल, सकाळी कामावर जायचं असेल, तर हे दिवस काढणं फार कठीण असतं, हेही मान्य केलं पाहिजे.

मेलाटोनिन काय करतं आणि काय करत नाही

मेलाटोनिन हे शाळेच्या घंटेसारखं आहे. घंटा कुणाला हाताला धरून वर्गात बसवत नाही, ती फक्त वेळ झाल्याचं कळवते. मुलं आधीच भेदरलेली असतील किंवा मैदानात काही आकर्षक चाललं असेल, तर घंटा होऊनही वर्ग रिकामाच राहतो. आणि ती दुप्पट जोरात वाजवली म्हणून मुलं दुप्पट वेगाने येत नाहीत.

आकडे काय सांगतात ते पाहू. ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ऑटिझम किंवा विकासाचे इतर प्रश्न असलेली १४६ मुलं होती. काहींना मेलाटोनिन दिलं, काहींना प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पालकांच्या नोंदींनुसार मेलाटोनिन घेणाऱ्या मुलांना झोप साधारण ३७ मिनिटं लवकर लागली. पण ती सकाळी उठलीही लवकर. एकूण झोप वाढली ती सरासरी २२ मिनिटांनी. म्हणजे झोप लागण्याच्या त्रासाला याने मदत होते, पहाटे उठण्याच्या त्रासाला फारशी नाही.

त्यानंतर रात्रभर हळूहळू सुटणाऱ्या छोट्या गोळ्यांची १२५ मुलांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये. सवयी सुधारण्याचा प्रयत्न करूनही ज्यांना फरक पडला नव्हता अशीच मुलं यात होती. तेरा आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांची झोप सरासरी ५७ मिनिटांनी वाढली, प्लासिबो घेणाऱ्यांची ९ मिनिटांनी. युरोपात २०१८ मध्ये ऑटिझम असलेल्या २ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी या प्रकारच्या गोळीला परवानगी मिळाली, तीही सवयींचे उपाय पुरे पडले नाहीत तरच. ही गोळी चुरून देऊ नये. चुरली की हळूहळू सुटण्याचा तिचा गुण संपतो.

अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात क्रम स्पष्ट आहे. आधी सोबतचे आजार आणि चालू औषधं तपासा, मग सवयींचे उपाय करा, त्यांनी भागलं नाही तर मेलाटोनिन द्या. सुरुवात झोपेच्या अर्धा ते एक तास आधी १ ते ३ मिलिग्रॅमने, मग गरजेनुसार वाढ, १० मिलिग्रॅमच्या वर नाही. हे आकडे डॉक्टरांशी बोलताना समजावं म्हणून दिले आहेत, घरी मोजून देण्यासाठी नाहीत.

काही मुलांत पहिले काही आठवडे छान जातात आणि मग असर संपतो. तेव्हा मात्रा वाढवण्याचा मोह होतो. पण ज्यांचं शरीर मेलाटोनिन फार हळू मोडतं, त्यांच्या रक्तात ते दिवसाही साठून राहतं आणि रात्र-दिवसाचा फरकच पुसला जातो. अशा वेळी काही दिवस बंद करून कमी मात्रेने परत सुरू करणं हा उपाय असू शकतो. असर संपला की आधी डॉक्टरांना विचारा.

"नैसर्गिक आहे, मग भीती कसली?"

शरीरात बनतं म्हणून बाटलीतलं निर्धोक ठरत नाही. इन्सुलिनही शरीरातच बनतं. खरी अडचण मात्र दर्जाची आहे. जिथे मेलाटोनिन औषध न मानता पूरक आहार म्हणून विकलं जातं, तिथे आत किती आहे याची खात्री नसते. २०१७ मध्ये कॅनडात ३१ उत्पादनं तपासली, त्यातल्या ८ मध्ये लेबलवर नसलेलं सेरोटोनिन निघालं. २०२३ मध्ये अमेरिकेत २५ प्रकारच्या गमीज, म्हणजे चघळायच्या मऊ गोड गोळ्या, तपासल्या, त्यातल्या २२ वरचं लेबल चुकीचं होतं. एकीत तर मेलाटोनिनच नव्हतं. म्हणून औषध म्हणून बनवलेलं, दर्जाची खात्री असलेलं उत्पादन डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

गोड गमी मुलाला खाऊच वाटते. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या नोंदी २०१२ मध्ये ८,३३७ होत्या, २०२१ मध्ये ५२,५६३ झाल्या. रात्री एकटं उठून घरभर फिरणाऱ्या मुलाच्या घरात ही बाटली कुलपातच हवी.

"इतक्या लहान मुलाला औषध? सवय लागली तर?"

ही काळजी अगदी रास्त आहे. मेलाटोनिनचं व्यसन लागल्याचं दिसलेलं नाही. दिवसा पेंग, डोकेदुखी, चिडचिड हे त्रास काही मुलांना होतात. वयात येण्यावर परिणाम होईल का ही शंका घेतली जाते, कारण हे संप्रेरक शरीराच्या इतर घडामोडींशीही जोडलेलं आहे. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांच्या २०१७ च्या चाचणीतल्या मुलांवर दोन वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा वाढ आणि वयात येणं यांत बिघाड आढळला नाही. त्याहून लांबच्या काळाचा पुरावा कमी आहे, म्हणून उंची-वजनाची नोंद ठेवणं आणि गरज संपली की थांबवणं शहाणपणाचं.

पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहायला हवं. महिनोन्महिने पुरी झोप न मिळालेलं मूल दिवसा जास्त चिडतं, शिकताना मागे पडतं, स्वतःला इजा करून घेऊ शकतं. रात्री दार उघडून बाहेर जाणारं मूल जिवाच्या धोक्यात असतं. आईवडिलांची झोप हेही माझ्या दृष्टीने पूर्ण वैध कारण आहे. डोळे मिटत असताना गाडी चालवणारी, संयम संपलेली माणसं मुलाची नीट काळजी घेऊ शकत नाहीत. डॉक्टरांसमोर हे सांगताना संकोचू नका.

बाकीची औषधं

क्लोनिडिन हे मूळचं रक्तदाबाचं औषध झोपेसाठी कधी कधी दिलं जातं. त्याने रक्तदाब आणि नाडी उतरते, आणि ते अचानक बंद केलं तर रक्तदाब उसळतो. ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या सिरपची चटकन सवय होते आणि काही मुलं त्याने उलट जास्त उड्या मारायला लागतात. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देऊच नये, श्वास मंदावून मृत्यू झाल्यामुळे तसा इशारा आहे. रिस्पेरिडोन आणि अरिपिप्राझोल ही दोन औषधं अमेरिकेत ऑटिझममधल्या टोकाच्या चिडचिडीसाठी मंजूर आहेत, झोपेसाठी नाहीत. रिस्पेरिडोनने झोप येते हे खरं, पण वजन झपाट्याने वाढू शकतं. केवळ झोपेसाठी ते सुचवलं गेलं, तर "दुसरा पर्याय का नाही?" हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

ठरवायचं कसं?

औषध सुरू करण्याआधी एका कागदावर चार ओळी लिहा. कुठला एक त्रास कमी व्हायला हवा? किती झाला तर फायदा झाला म्हणायचं, उदाहरणार्थ झोप लागायचा वेळ दोन तासांवरून पाऊण तासावर? कुठल्या तारखेला वही पाहून निर्णय घ्यायचा? काय दिसलं तर त्याआधीच थांबायचं? याच काळात शाळा, थेरपी किंवा दुसरं औषध बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही. आणि चित्रांचा क्रम, ठरलेली उठायची वेळ हे सगळं औषधाबरोबर चालूच ठेवा.

दोघा पालकांचं एकमत नसेल तेव्हाही हा कागद उपयोगी पडतो. "कायम गोळी द्यायची का" यावर भांडण होतं. "सहा आठवडे देऊन वही पाहू" यावर बहुतेकदा दोघंही तयार होतात.

थांबवायचं कधी?

ठरलेल्या तारखेला फरक दिसला नाही तर डॉक्टरांशी बोलून बंद करा. उपयोग नसलेलं औषध "असू दे, नुकसान तर नाही ना" म्हणून वर्षभर चालू राहतं, हे फार होतं. फरक दिसला, तर काही महिन्यांनी गरज उरली आहे का ते पाहायचं, आणि पुढेही दर सहा महिन्यांनी. मेलाटोनिन बंद करून पाहणं तुलनेने सोपं आहे. क्लोनिडिन मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या पायऱ्यांनीच उतरवायचं. बंद करून पाहण्यासाठी आजारपण, प्रवास किंवा नवी शाळा सुरू होण्याचे दिवस निवडू नका. शांत असे दोन-तीन आठवडे निवडा, वही परत सुरू करा, आणि झोप पुन्हा मोडली तर तेच औषध कमीत कमी मात्रेपासून परत सुरू करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.